पावसाळ्यात सायकलिंगचा फिटनेस टिकवताना : ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे ऑफ-सीझन नेमका कधी धरायचा?

जून ते सप्टेंबर. मुंबई परिसरात मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. म्हणजे जवळजवळ १७ आठवडे. युरोप-अमेरिकेतली तयार वेळापत्रकं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घरात बसण्याचा धरून बांधलेली असतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच सीझन ऐन भरात असतो. ती वेळापत्रकं जशीच्या तशी उचलली, की डिसेंबरच्या सुंदर सकाळी माणूस घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बसतो आणि जुलैत पामबीच रोडवर चिंब होऊन ‘लाँग राइड’ पूर्ण करायला बघतो. कॅलेंडर उलटं करा.

जूनच्या सुरुवातीला ७ ते १० दिवस पूर्ण सुट्टी घेतलेली चांगली. मे महिन्याच्या उकाड्यात किलोमीटर काढलेल्यांना तिची गरजच असते.

सायकल पूर्ण बंद ठेवली तर किती फिटनेस जातो?

सुरुवातीला वाटतो त्याहून लवकर आणि पुढे वाटतो त्याहून कमी. पहिला फटका रक्तातल्या द्रवाला बसतो. सराव थांबला की दोनेक आठवड्यांतच रक्ताचं आकारमान घटतं. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या राइडला ‘सगळं गेलं’ असं वाटण्याचं मुख्य कारण हेच. हा भाग परतही लवकर येतो, एक-दोन आठवड्यांत.

मुरलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केल्यावर काय होतं, याचा एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी घसरली आणि आठ आठवड्यांत एकूण घट १६ टक्क्यांवर येऊन थबकली. स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मात्र बऱ्याच अंशी टिकून राहिल्या. वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्याचा पाया चार महिन्यांत वाहून जात नाही. वर्षभरापूर्वीच सुरुवात केली असेल तर तो जास्त वेगाने ओसरतो, आणि अशा लोकांनीच पावसाळ्यात खाडा करू नये.

मग कमीत कमी किती सराव केला तर पुरतो?

आठवड्यात तीन वेळा, मिळून अडीच ते तीन तास. त्यातली दोन सत्रं खरोखर दमवणारी हवीत.

याला आधार आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात एकामागोमाग एक प्रयोग केले. लोकांकडून आधी १० आठवडे, आठवड्याचे ६ दिवस, रोज ४० मिनिटं कडक सराव करून घेतला. मग पुढचे १५ आठवडे काही गटांचे दिवस कमी केले, काहींची मिनिटं कमी केली आणि काहींचा जोर कमी केला. दिवस सहावरून दोनवर आणले तरी व्हीओटू मॅक्स टिकली. वेळ ४० वरून १३ मिनिटांवर आणला तरी टिकली, पण लांब पल्ल्याचा दम मात्र त्या गटाचा घटला. जोर कमी केला तेव्हा दोन्ही घसरले.

१५ आठवडे म्हणजे जवळपास आपला पावसाळाच. त्यातून घ्यायचं ते एवढं: वेळ निम्मा करा, दिवस निम्मे करा, जोर सोडू नका. आणि लांब राइड नसेल तर ‘पाच तास खोगिरावर बसण्याची’ ताकद थोडी कमी होणार हे गृहीत धरा. ती ऑक्टोबरमध्ये भरून काढता येते.

बहुतेक लोक याच्या अगदी उलट वागतात. रोज ४० मिनिटं मोबाइल बघत, अंगाला जेमतेम घाम येईल इतपत पेडल मारतात. दमल्यासारखं वाटतं, पण टिकत काहीच नाही.

नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर सांभाळून आठवडा कसा बसवायचा?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली किंवा वाशी गाठणाऱ्यांसाठी साधारण असा:

मंगळवार सकाळ: कडक सत्र, ४८ ते ५० मिनिटं.
बुधवार संध्याकाळ: वजनं किंवा घरचा ताकदीचा व्यायाम, ३५ मिनिटं.
शुक्रवार सकाळ: मध्यम-कडक सत्र, ६० मिनिटं.
शनिवार: ताकदीचा व्यायाम, ३५ मिनिटं.
रविवार: पाऊस उघडला तर बाहेर दीड-दोन तास, नाहीतर घरात ६० ते ७५ मिनिटं सावकाश.

सोमवार आणि गुरुवार मोकळे. एखादं सत्र चुकलं तर रविवारचं सोडा, मंगळवारचं सोडू नका. ऑफिसातून आठला घरी आल्यावर कडक सत्र करू नये असं नाही, पण त्यानंतर झोप उशिरा लागते आणि दुसऱ्या दिवशीची लोकल काही उशिरा सुटत नाही.

कडक सत्रात नेमकं काय करायचं?

मंगळवारचं असं करा. १२ मिनिटं हलक्या गिअरमध्ये वॉर्म-अप. त्यात शेवटी ३० सेकंदांच्या तीन फेऱ्या, मिनिटाला १०० ते ११० पेडलांच्या गतीने. मग ४ मिनिटं जोरात, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल जोराच्या) १०५ ते ११० टक्के, आणि ३ मिनिटं अगदी हलकं. असं चार वेळा. शेवटी ८ मिनिटं पाय मोकळे करा.

शुक्रवारचं: १२ मिनिटं वॉर्म-अप, १५ मिनिटं एफटीपीच्या ८८ ते ९३ टक्क्यांवर, ५ मिनिटं आराम, पुन्हा १५ मिनिटं, मग कूल-डाउन. महिन्याभराने १५ ची २० करा. पेडलांची गती ८५ ते ९५ ठेवा. गुडघे कुरकुरत नसतील तर एका फेरीत मुद्दाम जड गिअर लावून ६० ते ६५ च्या गतीने चालवा, घाटासाठी उपयोगी पडतं.

बिघडतं ते पहिल्या फेरीत. ताज्या पायांनी माणूस १२० टक्क्यांनी सुटतो आणि तिसऱ्या फेरीला ९५ वर येतो. पहिल्या आणि चौथ्या फेरीतला फरक ५ टक्क्यांच्या आत राहिला तर सत्र जमलं. दर चौथ्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या करा, जोर तोच ठेवा.

पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) नाही. एफटीपी माहीत नाही. काय करू?

बोलून बघा. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय तर तो सावकाश सराव. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो तो शुक्रवारचा जोर. एक-दोन शब्दांपलीकडे बोलवत नाही तो मंगळवारचा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण पावसाळ्यातल्या दमट खोलीत हार्ट रेटच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचं आहे.

छातीचा हार्ट रेट पट्टा असेल तर ३० मिनिटं एकसारख्या पूर्ण जोराने चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी काढा. तो तुमचा उंबरठ्याचा हार्ट रेट. वॉट मोजणारा स्मार्ट ट्रेनर असेल तर २० मिनिटांच्या पूर्ण जोराच्या सरासरी वॉटला ०.९५ ने गुणा. ती एफटीपी. चाचणी दर सहा आठवड्यांनी पुरे, आणि दर वेळी तीच खोली, तोच पंखा, तीच वेळ. मेमध्ये रस्त्यावर काढलेला आकडा जुलैत घरात वापरला तर सत्र पूर्ण होणार नाही. घरात तो ५ ते १० टक्के कमी धरा.

घरात १५ मिनिटांतच जीव गुदमरतो. मी इतका अनफिट आहे का?

दोष बहुधा हवेचा आहे. पेडलवर १५० वॉट जात असतील तेव्हा शरीर त्याच्या तिप्पट-चौपट, म्हणजे ५०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असतं, छोट्या हीटरइतकी. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरचा वारा ती उडवून नेतो. घरात वारा नाही. त्यात जुलैत हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या पुढे, त्यामुळे घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम शरीर थंड करत नाही. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, पायांना कमी उरतं आणि त्याच वॉटला ठोके १०-१५ ने चढतात.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी पंखा, मग ट्रेनर. छताच्या पंख्याचा उपयोग नसल्यात जमा, त्याचा वारा डोक्यावर आणि पाठीवर येतो. पेडेस्टल पंखा समोर दीड-दोन मीटरवर, पात्याचा मध्य छातीच्या उंचीला. दुसरा लहान पंखा बाजूने मांड्यांवर. पंखे वॉर्म-अपपासून चालू करा. अंग तापल्यावर लावले तर खोली आणि माणूस दोन्ही थंड व्हायला फार वेळ लागतो.

जागा निवडताना समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडता येतील ती खोली घ्या. वाळत घातलेले कपडे आधी बाहेर काढा, पावसाळ्यात ते खोलीचा दमटपणा भलताच वाढवतात. एसी असेल तर ड्राय मोडवर २६ अंश पुरे. त्यात पंखा हवाच.

घामाचं माप काढणं सोपं आहे. सत्राआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. प्यायलेलं पाणी मिळवून जितकं वजन घटलं तितके लिटर घाम गेला. दमट हवेत तासाला एक ते दीड लिटर सहज जातो. एका तासासाठी ७५० मिलीच्या दोन बाटल्या भरून ठेवा. एकीत पाव चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि अर्धं लिंबू. ओआरएसचं पाकीट वापरायचं तर त्यावर लिहिलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळवा. दुप्पट घट्ट केलं तर पोट बिघडतं.

ट्रेनर कोणता घ्यावा?

चाकाला टेकणारा, चाक काढून बसवायचा डायरेक्ट-ड्राइव्ह, आणि रोलर्स, म्हणजे फिरत्या नळकांड्यांवर तोल सांभाळत चालवायचे, असे तीन प्रकार. नुसता फिटनेस टिकवायचा असेल तर चाकाला टेकणारा साधा ट्रेनर पुरतो.

त्याच्या नेहमीच्या अडचणी तीन. एक, टायरची हवा दर वेळी वेगळी, त्यामुळे जोराचा अंदाज चुकतो. प्रत्येक वेळी सारखी हवा भरा आणि रोलर टायरला टेकल्यावर नॉब ठरलेले फेरे फिरवा, साधारण दीड ते दोन. सैल राहिला तर जोर लावताना टायर घसरतो, जास्त आवळला तर तापतो. दोन, ट्रेनरसोबत येणारा स्टीलचा क्विक-रिलीज (चाक आवळायचा दांडा) न वापरता सायकलचा हलका ॲल्युमिनियमचा तसाच ठेवणं. तो चेपतो. तीन, एमटीबीचे (माउंटन बाइकचे) गोट्यांचे टायर: आवाज आणि थरथर दोन्ही असह्य. गुळगुळीत टायर चढवा. खास ट्रेनरसाठीचा टायर चढवला असेल तर तोच घालून पावसात बाहेर पडू नका, ओल्या रस्त्यावर तो पकड घेत नाही.

डायरेक्ट-ड्राइव्ह शांत आणि अचूक, पण महाग. घेण्याआधी दोन गोष्टी दुकानात विचारा: तुमच्या गिअरच्या संख्येची कॅसेट (मागच्या दात्यांच्या चकत्या) त्यावर बसते का, आणि थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असेल तर १४२ बाय १२ मिमीचा अडॅप्टर सोबत मिळतो का. कार्बन फ्रेम असेल तर कंपनीची परवानगी वाचा.

रोलर्सवर तोल सुंदर सुधारतो. चौदाव्या मजल्यावरच्या अरुंद गॅलरीत मात्र नको.

खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

आवाजापेक्षा थरथर खाली पोचते. १०-१२ मिमीच्या फोमच्या जोडचटया दोन थरांत घाला आणि ट्रेनरच्या पायांखाली जाड रबराचे चौकोनी तुकडे ठेवा, वॉशिंग मशीनखाली ठेवतात तेच. खोलीच्या मध्यभागापेक्षा भिंतीजवळ, तुळईच्या वर ठेवला तर कंप कमी जातो. सकाळी सहाच्या आधी नको. आणि सुरू करण्याआधी एकदा खाली जाऊन वेळ सांगून या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय पोचल्यावर काहीही सांगून उपयोग नसतो.

ट्रेनरवर घामाने सायकल खराब होते का?

होते, आणि दिसत नाही. घाम हँडलच्या टेपखाली झिरपून ॲल्युमिनियम कुरतडतो, स्टेमच्या बोल्टना गंज चढवतो, हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमध्ये शिरतो. हँडल आणि वरच्या नळीवर जाड टॉवेल टाका, सत्र संपल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्याने पुसा. सीझन सुरू होण्याआधी टेप एकदा उलगडून खालचा धातू बघा. पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसले तर हँडल बदला.

ट्रेनर घ्यायचाच नाही. जिने चढून चालेल का?

चालेल, आणि ठाण्यात घोडबंदरच्या पट्ट्यात किंवा खारघरमध्ये उंच इमारतींना तोटा नाही. एक मजला साधारण ३ मीटर. १५ मजले म्हणजे ४५ मीटर चढ, दहा फेऱ्यांत ४५० मीटर.

पद्धत: पहिल्या दोन फेऱ्या सावकाश. मग एका दमात १५ मजले, एकेक पायरी, वेगाने. वर पोचल्यावर लिफ्टने खाली. उतरताना जिना वापरू नका. उतरताना मांडीच्या स्नायूवर ताण वेगळा पडतो, दोन दिवस बसता-उठता येत नाही आणि गुडघेही बोलायला लागतात. लिफ्टमधला वेळ हीच विश्रांती. सुरुवात चार फेऱ्यांनी, दर आठवड्याला एक वाढवा. दोन-दोन पायऱ्या शेवटच्या दोन फेऱ्यांतच. टॉवर नसेल तर चार मजली इमारतीतही होतं, फेऱ्या वाढतात इतकंच. ओल्या चपला आणि गुळगुळीत लादी ही जोडी टाळा, बूट घाला.

जिन्याने हृदय आणि मांड्या टिकतात, पेडलची लय टिकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सायकलवर किंवा जिममधल्या स्पिन बाइकवर बसा. स्पिन बाइकचं जड चाक पाय आपोआप फिरवत राहतं. तेव्हा रेझिस्टन्स पुरेसा लावा, आणि सीटची उंची आपल्या सायकलवर मोजून टेपने तेवढीच ठेवा.

जिममध्ये वजनं उचलली तर पाय जड होणार नाहीत का?

आठवड्यात दोन दिवसांत नाही होत. उलट वर्षभरात ताकद कमवायला हाच काळ मोकळा.

जूनमध्ये हलक्या वजनाने १२ ते १५ वेळा उचलण्याच्या दोन-तीन फेऱ्या, शरीराला सवय लागेपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये जड वजन, ६ ते ८ च्या तीन फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. सप्टेंबरमध्ये ४ ते ६. ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदाच. व्यायाम चारच: स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायाचं स्प्लिट स्क्वॉट, पोटरीसाठी काफ रेझ. सोबत प्लँक आणि साइड प्लँक. फॉर्म आधी कोणाकडून तरी नीट शिकून घ्या.

जिम नसेल तर पाच लिटर पाण्याचे दोन कॅन पाठीवरच्या सॅकमध्ये भरा, १० किलो झाले. मागचा पाय सोफ्यावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट करा. आठ पूर्ण करताना पाय थरथरतात.

पावसात बाहेर चालवायचीच असेल तर कुठे, कशी?

घोडबंदर रोड आणि गायमुखचा चढ पावसाळ्यात सोडून द्या. अवजड वाहनं, खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी. पाण्याखाली खड्डा आहे की उघडं झाकण, ते सायकलवरून कळत नाही. ठाणे–बेलापूर रस्त्यावर सांडलेलं तेल आणि उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे जपून. पामबीच सपाट आणि मोकळा, पण मोटारी तिथे सुसाट असतात. पाऊस चालू असेल तर नकोच. येऊर, पारसिक हिल, खारघरची टेकडी हे चढ छोट्या फेऱ्यांसाठी छान. मात्र शनिवार-रविवारी धबधब्यांकडे जाणाऱ्यांची झुंबड असते, काही ठिकाणी बंदीचे आदेश निघतात. मधल्या वारी पहाटे जा, आणि उतारावर शेवाळ धरलेल्या कडेपासून लांब राहा.

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर निघायचं नाही. भरतीची वेळही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागांत पाणी तुंबतं.

टायरची हवा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय कमी. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटारांची झाकणं आणि पेव्हर ब्लॉक यांवर ना ब्रेक ना वळण. रिम ब्रेकचा पहिला दाब नुसतं पाणी पुसतो, पकड त्यानंतर येते, म्हणून ब्रेक लवकर दाबायला सुरुवात करा. दिवसाही पुढे-मागे लाइट. मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा, तुमच्यासाठी आणि मागच्यासाठीही.

भिजून आल्यावर सायकलचं काय करायचं?

अंघोळीआधी १५ मिनिटं द्या. खाडीकाठच्या हवेत ओली चेन एका रात्रीत तांबूस होते.

बादलीभर साधं पाणी आणि स्पंज. प्रेशर वॉशर नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढून पाणी भरतो. चेन जुन्या बनियनच्या फडक्यात धरून पेडल उलटे फिरवत कोरडी करा. मग चेनच्या प्रत्येक रोलरवर वेट ल्यूबचा (ओल्या हवेसाठीच्या चेन-तेलाचा) एकच थेंब, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि कॅसेट घासते. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला ठीक, वंगण म्हणून नाही. डिस्क ब्रेक असतील तर कुठलाही स्प्रे रोटरकडे जाऊ देऊ नका.

रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले चकाकते कण सुईने काढा, तेच रिम ओरबाडतात. आठवड्यातून एकदा सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरा, फ्रेममधलं पाणी बाहेर येईल. चेन-चेकरवर (चेन किती ताणली ते मोजायच्या पट्टीवर) ११-१२ स्पीडची चेन ०.५ टक्के आणि ८ ते १० स्पीडची ०.७५ टक्के वाढली की बदला. पावसाळ्यात ती वेळ लवकर येते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.

लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) भीती किती खरी?

खरी आहे. रस्त्यावरचं पाणी पुढच्या चाकाने उडून थेट बाटलीच्या तोंडावर येतं. झाकणवाली बाटली घ्या किंवा ती जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उतरावं लागलंच तर घरी येऊन साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक औषध घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर ती राइड विसरायला झालेली असते. डॉक्टरांना आठवणीने सांगा.

ताप असताना व्यायाम शून्य. अंगदुखीवर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

श्रावणातले उपवास, मग गणपती, मग नवरात्र. खाण्याचं कसं जमवायचं?

कडक सत्र उपवासाच्या दिवशी ठेवू नका, इतकं पाळलं तरी निम्मं काम झालं. श्रावणी सोमवार वरच्या वेळापत्रकात आधीच मोकळा आहे. शनिवार धरत असाल तर ताकदीचा व्यायाम रविवारी न्या.

साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि दाण्याचं तेल भरपूर, प्रथिनं थोडी. सत्राच्या तीन तास आधी ठीक. त्याहून जवळ असेल तर केळं किंवा दोन-तीन खजूर. उपवासाला दूध, दही, पनीर, राजगिरा यांवर भर द्या.

वजनं उचलत असाल तर शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.४ ते १.८ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६५ किलोच्या माणसाला ९० ते ११५ ग्रॅम. मांसाहार बंद असताना ते नुसत्या वरणभाताने होत नाही. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-२० ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत २५ च्या आसपास, पाव लिटर दुधात ८, वाटीभर शिजलेल्या मटकीत किंवा डाळीत ७-९. प्रत्येक जेवणात यातलं एक तरी असू द्या.

पावसाळ्यात दीड-दोन किलो वाढले तर घाबरू नका, मोदक टाळू नका. विसर्जनाच्या आठवड्यात वेळ मिळणार नाही हे आत्ताच धरून तो हलका आठवडा ठेवा.

रस्त्यावर दुखत नाही, पण ट्रेनरवर बसलं की दुखतं.

ट्रेनरवर सायकल डुलत नाही आणि तुम्ही सिग्नलला उतरत नाही, म्हणून एकाच जागी दाब राहतो. दर दहा मिनिटांनी २० सेकंद उभं राहून चालवा. मागचं चाक उचललेलं असतं, तेव्हा पुढच्या चाकाखाली ठोकळा देऊन सायकल समपातळीत आणा, नाहीतर तळव्यांवर आणि मांडीच्या सांध्यावर भार येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली असण्याची शक्यता जास्त, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. एका वेळी ३ ते ५ मिमीच हलवा.

ऑक्टोबरमध्ये परत रस्त्यावर कसं यायचं?

सावकाश, कारण पाऊस गेल्याबरोबर ऑक्टोबर हीट येते. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सहाच्या आत निघा, नऊच्या आत परत या.

रविवारची राइड पहिल्या आठवड्यात २ तास, दुसऱ्यात अडीच-तीन, तिसऱ्यात साडेतीन-चार, चौथा हलका, पाचव्यात ५ तास, सहाव्यात १२० ते १४० किलोमीटर. मंगळवारचं कडक सत्र चालू ठेवा. ट्रेनरवर बसून आलेल्याचे पाय तयार असतात, पण मान, तळहात आणि बैठक तयार नसते. म्हणून कसारा किंवा खोपोली-लोणावळ्याचा घाट पहिल्या तीन आठवड्यांत नको.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ताशी सरासरी १४.८ किलोमीटर. वरचे सहा आठवडे झाले असतील तर नोव्हेंबरअखेर ती आवाक्यात येते. सुपर रँडोनियरचा विचार असेल, म्हणजे एका सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६००, तर सीझन १ नोव्हेंबरला सुरू होतो हे लक्षात घेऊन तारखा आधी बघा.

पावसाळाभर सायकलला हातच लावणार नसेन तर ती ठेवायची कशी?

धुऊन, पूर्ण वाळवून, चेनला वेट ल्यूब लावून. टायरमध्ये निम्म्याहून थोडी जास्त हवा, दर तीन आठवड्यांनी भरायची. ट्यूबलेस असतील तर सीलंट दोन ते चार महिन्यांत सुकतं, ऑक्टोबरमध्ये नवीन घाला. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा. बंदिस्त प्लास्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळू नका, आत ओल धरते आणि खोगिराला बुरशी येते; जुनी सुती चादर टाका. इमारतीच्या स्टिल्टमध्ये ठेवत असाल तर पाणी शिरण्याच्या पातळीच्या वर टांगा आणि महिन्यातून एकदा पेडल, ब्रेक आणि गिअर फिरवून बघा.